फडातला मतदार आणि टक्क्यांचे पंडित

अखेर तारीख पडली. धाराशिवसह बारा जिल्हा परिषदांचे मतदान 5 फेब्रुवारी 2026 ला, असे राज्य निवडणूक आयोगाने जाहीर केले आणि येरमाळ्याच्या चौकापासून कळंबच्या बाजारापर्यंत टक्क्यांचे पंडित जागे झाले. गटात मराठा किती, धनगर किती, दलित-मुस्लिम एक झाले तर किती, नवा तरुण कोणाकडे झुकणार, लाडक्या बहिणी कोणाला पावणार? चहाच्या टेबलावर निकाल तयार आहे. लोकसंख्येचा पोत बदलला की निकाल बदलतो, या एका समजुतीवर ही सारी आकडेमोड उभी आहे आणि ती समजूत फसवी आहे. मत द्यायला कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, यावर निकाल फिरतात. त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

याच जिल्ह्याचा इतिहास पाहा. उस्मानाबाद (धाराशिव) लोकसभा मतदारसंघाने 1996 मध्ये शिवसेनेचे शिवाजी कांबळे निवडले, 1998 मध्ये काँग्रेसचे अरविंद कांबळे आणि 1999 मध्ये पुन्हा शिवाजी कांबळे. तीन-साडेतीन वर्षांत इथल्या जाती बदलल्या होत्या काय? 2009 मध्ये पद्मसिंह पाटील खासदार झाले, कारण पुनर्रचनेत राखीव मतदारसंघ खुला झाला. माणसे तीच, नियम बदलला. मे 2024 च्या मतदानात महाविकास आघाडीचे ओमराजे निंबाळकर 3 लाख 29 हजारांहून अधिक मतांनी जिंकले. सहा महिन्यांनी विधानसभेला जिल्ह्यातल्या चार जागा महायुती आणि महाविकास आघाडीत दोन-दोन अशा वाटल्या गेल्या. परंड्यात महायुतीचे तानाजी सावंत जेमतेम दीड हजार मतांनी तरले. त्या सहा महिन्यांत ना कोणती जात वाढली, ना बायका वाढल्या. मेमध्ये मराठा आरक्षणाचा राग होता, नोव्हेंबरपर्यंत लाडक्या बहिणींच्या खात्यात पंधराशे रुपये येऊ लागले होते. हे कारण डोळ्यांसमोर असताना टक्क्यांचे कोष्टक कशाला मांडायचे?

मतदार बदलत नाही, असे नाही. बदलतो, आणि या वेळी तर खूपच बदलला आहे. धाराशिव जिल्हा परिषदेची मागची निवडणूक फेब्रुवारी 2017 ची. म्हणजे आज 18 ते 26 वर्षांच्या एकाही तरुणाने जिल्हा परिषदेसाठी कधी बोटाला शाई लावलेली नाही. शाळेची गळकी खोली, आरोग्य उपकेंद्रातली रिकामी खुर्ची, शिवारातला रस्ता हे सारे जिथे ठरते, तिथे या पिढीला नऊ वर्षे तोंड उघडता आले नाही. मार्च 2022 मध्ये मुदत संपली. पाच वर्षे संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटना बजावते. तरी प्रशासक बसवून चार वर्षे कारभार हाकला गेला. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा, कारणांना तोटा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने कान पिळले नसते तर आणखी वर्ष गेले असते. आणि आता त्याच तरुणांना ‘निर्णायक मतदार’ म्हणून गोंजारायला सगळे पक्ष पुढे! नऊ वर्षे ज्यांना दाराबाहेर उभे केले, त्यांच्या वाढत्या संख्येने निकाल बदलणार तरी कसा?

त्यातही यादी 1 जुलै 2025 ची. त्यानंतर अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्याने घरी बसायचे. वर्षातून चार वेळा नावनोंदणीची पात्रता तारीख ठेवण्याची सोय कायद्यात केली ती शोभेसाठी काय? दुबार नावांपुढे दोन तारे काढून आयोग मोकळा झाला आहे. येरमाळ्याचा पोरगा पुण्याला हडपसरला कामाला जातो, भाड्याच्या खोलीत राहतो, तिथे नाव लागते, इथले निघत नाही. त्याला संशयिताच्या रांगेत उभे करणे सोपे. उलट गेल्या विधानसभेआधी तुळजापूर मतदारसंघात बोगस नोंदणीचे हजारो ऑनलाइन अर्ज निघाले, गुन्हा दाखल झाला. त्यामागची डोकी कोणाची, हे मतदाराला समजले पाहिजे. पोटासाठी गाव सोडणारा आणि मतांसाठी नावे घुसवणारा यांना एकाच पारड्यात तोलणारी यादी शुद्ध कशी म्हणायची?

सगळ्यात संताप यावा तो तारखेबद्दल. कळंब, वाशी, भूम, परंडा भागातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन निघतात आणि हंगाम आटोपल्यावरच परततात. मतदानाच्या दिवशी ही माणसे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या फडात कोयता चालवत असतील. गंमत अशी, की त्या जिल्ह्यांतही त्याच दिवशी मतदान आहे. फडाचा मालक मत देऊन येईल आणि मजूर कोपीत बसून राहील. त्याचे नाव घरच्या यादीत, पण घर शेकडो किलोमीटर दूर. आणि एक दिवस खाडा केला तर मजुरी गेली, वर मुकादमाच्या शिव्या. ज्या जिल्ह्यात आमदार दीड हजार मतांनी ठरतो, तिथे टोळ्याच्या टोळ्या मतदानाबाहेर ठेवून आलेल्या निकालाला कौल म्हणायचे? हीच माणसे चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेला गावात असतात. मुदत संपल्यापासून चार चैत्र आले आणि गेले. तेव्हा सरकारला सवड नव्हती.

मुंबई महापालिकेच्या प्रचारातही हेच दळण दळले गेले. मराठी टक्का घसरला, आता कसे होणार! तो टक्का घसरत असतानाच शिवसेनेने 1997 ते 2022 अशी सलग पंचवीस वर्षे महापालिका हातात ठेवली, हे सोयीस्करपणे विसरले जाते. अमेरिकेतही लॅटिनो लोकसंख्या वाढत जाईल तशी डेमोक्रॅटिक पक्षाची सत्ता पक्की होईल, असे 2002 पासून पुस्तके लिहून सांगितले जात होते. 2024 मध्ये टेक्सासच्या स्टार काउंटीने, जिथली जवळजवळ सारी वस्ती लॅटिनो आहे, ट्रम्प यांना मत दिले. पंडितांचे टक्के बरोबर होते, माणूस त्यांना कळला नव्हता.

कोणतीही जात कोणाची जहागीर नाही आणि कोणतेही वय गठ्ठ्याने विकले जात नाही. पिढ्या बदलल्या की राजकारणाची भाषा हळूहळू बदलते, एवढे मान्य. पण तो बदल मतपेटीपर्यंत पोहोचायला मतपेटी वेळेवर ठेवावी लागते. निवडणुका मुदतीत घ्या. त्या उसाच्या हंगामाबाहेर घ्या. ते जमत नसेल तर कारखान्याच्या आवारातून मजुराला आपल्या गटासाठी मत देता येईल अशी सोय करा. तिमाहीला यादी अद्ययावत करा. यातले एकही काम अशक्य नाही. यासाठी लागते ती फक्त इच्छा. ती नाही, कारण फडात अडकलेला आणि यादीबाहेर राहिलेला मतदार प्रत्येक पक्षाला कुठे ना कुठे सोयीचा असतो. मतदानानंतर जो निकाल लागेल त्यावर जातींचे विश्लेषण खुशाल झोडा. मात्र तो अख्ख्या धाराशिवचा कौल आहे, असे कोणी छाती ठोकून सांगू नये.