चुन्याची निवळी आणि काचेतला समुद्र



मागच्या महिन्यात तीन आठवडे अफजलपूरला घरी जाऊन आलो. गाणगापूरला दत्तदर्शन झालं, भीमा-अमरजा संगमावर पाय भिजवून झाले, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पोटभर झाली. पण अर्धं लक्ष इथल्या घरी होतं. माझी दोनशे लिटरची प्रवाळांची टाकी शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून गेलो होतो, आणि त्याआधी दोनच महिने माझ्याच हातून त्या टाकीत एक घोळ झाला होता.

प्रवाळ हा दगडासारखा दिसणारा प्राणी आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो स्वतःचा सांगाडा बांधतो. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४२० पीपीएम असतं आणि अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच. अल्कलिनिटी म्हणजे, ढोबळमानाने, पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा. समुद्राला हा साठा संपायची भीती नाही. काचेच्या टाकीत मात्र प्रवाळ रोज खातात आणि आपण रोज भरायचं. त्यासाठी दोन वेगळ्या बाटल्या लागतात. एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडा. दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी ओतले तर पाण्यात पांढरा ढग उठतो आणि चुनखडीची पूड तळाशी बसते. प्रवाळांना तिचा उपयोग शून्य.

आता घोळ सांगतो. ऑफिसात रिलीजची गडबड होती, महिनाभर पाणी तपासलंच नाही. एका रविवारी पाहिलं तर अल्कलिनिटी ६. मला हवी होती ९. इंजिनिअरचा स्वभाव, बग दिसला की लगेच फिक्स! हिशोब करून १८ ग्रॅम सोडा एकाच संध्याकाळी ओतला. आकडा बरोबर ९ आला. मी खूश.

दोन दिवसांनी हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांच्या प्रवाळाची टोकं पांढरी पडली. आठवड्यात नुसता सांगाडा उरला. तो लेकीच्या सातव्या वाढदिवसाला आणलेला होता. तिने विचारलं, "बाबा, तू त्याला औषध जास्त दिलंस का?" हो म्हणावं लागलं.

अफजलपूरला आजी पानासाठी गाडग्यात कळीचा चुना भिजवत होती. तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लेकरा, चुना ढवळला की लगेच वापरतेत व्हय? बसू दे की त्याला. वरची निवळी तेवढी घ्यावी, अन् तीबी थोडी थोडी."

मला हसू आलं, कारण प्रवाळ पाळणारे लोक हेच करतात. त्यांच्यात याला 'काल्कवासर' म्हणतात. जर्मन शब्द आहे, अर्थ सरळ 'चुन्याचं पाणी'. या निवळीत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी प्रवाळ वापरतात त्याच प्रमाणात असतात, त्यामुळे एक वाढलं आणि एक घटलं असं होत नाही. मात्र तिचा पीएच १२च्या वर असतो. म्हणून टाकीतलं जे पाणी रोज वाफ होऊन उडतं, त्याच्या जागी ती थेंबाथेंबाने सोडायची. आणि चुना शुद्ध, खात्रीचा हवा. पानाचा चालणार नाही, हे आजीलाही पटलं.

परत आल्यावर मी हिशोब नव्याने मांडला. आधी फक्त मोजलं. तीन दिवस काहीच घातलं नाही. अल्कलिनिटी ८.४ वरून ६.९ झाली, म्हणजे रोजचा खप ०.५. दोनशे लिटरला त्यासाठी रोज ३ ग्रॅम सोडा आणि सुमारे २.६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) पुरतं, किंवा दोन्हींच्या ऐवजी ९०० मिलीच्या आसपास निवळी. खाली आलेला आकडा वर आणायचा असेल तर दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त उडी नाही.

अजून एक गोष्ट उशिरा कळली. अल्कलिनिटी २.८ने घटते तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएमने घटतं. चारशेतून वीस गेले तर घरगुती टेस्ट किटवर जेमतेम जाणवतं. म्हणून कॅल्शियमचा आकडा बघून निर्धास्त राहायचं नाही. ते आठवड्याने तपासलं तरी चालतं, अल्कलिनिटी मात्र रोज, निदान एक दिवसाआड.

निघताना चुलतभावाने विचारलं, "दादा, अशी टाकी मला इथंच करून दे की." त्याला नाही म्हटलं. भारतात कठीण प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच पंक्तीत. तुमच्या तिकडच्या भावंडांनीही हौस म्हणून कुणाकडून घेऊ नयेत. बघायचेच असतील तर मालवणला जा. १९८७पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, पाण्यात डोकं घालून बघता येतात.

तसं पाहिलं तर चुलतभावाच्या पायाखालीही एक समुद्र आहेच. अंगणातली शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक, आपल्या भीमेच्या खोऱ्यात फार जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला. तेव्हा प्रवाळ जन्मालाही आले नव्हते.

लेकीने आता नवा छोटा तुकडा लावलाय. रोज संध्याकाळी टेस्ट तीच करते, नळीतले थेंब मोठ्याने मोजते आणि आकडा वहीत लिहिते. मी बाटलीला हात लावायच्या आधी वही दाखवावी लागते.

भेटू पुढच्या अंकात.