चंद्राला नावे ठेवू नका!

यंदा कोजागरीला आम्ही मोठ्या वर्गातल्या मुलांनी मसाला दुधाचे पेले बाजूला ठेवून चंद्राचे फोटो काढले. डोळ्यांना चंद्र केवढा दिसत होता! फोटोत मात्र नुसता पांढरा ठिपका. तो पाहून आमच्यातल्या एकीच्या आजीने पुण्याहून विचारले, “हा रस्त्यावरचा दिवा का गं?” आम्ही हसलो, पण थोडे खट्टूही झालो.

असे का होते? चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. हात लांब करून करंगळी धरा, तो तिच्यामागे लपेल! फोनचा साधा कॅमेरा मात्र ६०-७० अंशांचे दृश्य टिपतो. त्यात चंद्र एवढासाच येणार. शिवाय आपल्याकडे रात्र असली, तरी चंद्राच्या उजळ भागावर ऊन असते. अंधार पाहून कॅमेरा जास्त उजेड आत घेतो. मग चंद्राचे डाग पुसले जातात आणि ससा गायब! कधी शेजारी हिरवट ठिपका दिसतो. तो भिंगांच्या आत उलटसुलट फिरलेला उजेड असतो.

हल्ली काही फोन चंद्र ओळखतात आणि त्याचे डाग स्वतःच ठळक करून देतात. आमच्यातले काही म्हणतात, “फोटो छान आला ना, मग झाले!” आम्हा बाकीच्यांना हे पटत नाही. आजीला आपण पाहिलेला चंद्र पाठवायचा, की फोनने सजवलेला?

त्यापेक्षा पडद्यावर चंद्राला बोट लावा आणि उजेड कमी करा. डाग थोडे तरी दिसतील. मग जवळची माणसे काळी येतील, पण एका फोटोत सगळेच कसे मिळणार?

आणि पालकहो, आमची एक सूचना आहे. कोजागरीला इथे ब्रिटनमध्ये रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून गेलेली असते. आजी-आजोबा जागेच असतात. पुढच्या वर्षी फोटो पाठवण्याआधी त्यांना फोन लावू या आणि गच्चीवर जायला सांगू या. दोघांनी एकाच वेळी तोच चंद्र पाहायचा आणि ससा कुठे दिसतो, ते आम्ही मुलांनी मराठीतून सांगायचे. शब्द अडला, तर आजी सांगेलच!