जावई, गुप्तचरप्रमुख आणि खोडलेलं नाव: कोण होते आसेफ शौकत?

ऑक्टोबर २००५. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या हत्येवरचा संयुक्त राष्ट्रांचा चौकशी अहवाल पत्रकारांना वर्ड फाइलमध्ये मिळाला. एका साक्षीदाराने घेतलेली काही नावं त्यातून गाळली होती. पण 'ट्रॅक चेंजेस'चा माग फाइलमध्ये तसाच राहिला होता! खोडलेल्या नावांत एक होतं आसेफ शौकत, सीरियाच्या लष्करी गुप्तचर विभागाचे प्रमुख. पुढे त्यांच्यावर खटला मात्र कधीच चालला नाही.

शौकत तार्तूस भागातले. राष्ट्राध्यक्ष हाफिज अल-असाद यांची मुलगी बुश्रा हिच्याशी त्यांचं लग्न तिचा भाऊ बासिल याला मंजूर नव्हतं. बासिल १९९४ मध्ये अपघातात गेला. १९९५ मध्ये लग्न झालं. १९९९ मध्ये धाकट्या मेहुण्याने त्यांच्या पोटात गोळी झाडल्याच्या बातम्या आल्या. या मेहुण्याचं नाव माहेर. (हो, खरंच!) तरीही फेब्रुवारी २००५ मध्ये, म्हणजे हरिरींची हत्या झाली त्याच महिन्यात, शौकत प्रमुख झाले.

उतरणही घरातूनच लागली. २००८ मध्ये हिज्बुल्लाचे कमांडर इमाद मुघनिया दमास्कसमध्येच मारले गेले, शौकत यांचं वजन घटलं आणि काही काळाने पद गेलं. १८ जुलै २०१२ रोजी दमास्कसमधील बैठकीत झालेल्या स्फोटात ते ठार झाले, तेव्हा ते उपसंरक्षणमंत्री होते.

ही कहाणी बहुतेक वेळा वेब सीरिजसारखी सांगितली जाते: प्रेम, मेहुणे, बॉम्ब. मला ते खटकतं. याच विभागाच्या दमास्कसमधील 'पॅलेस्टाइन ब्रँच'मध्ये कॅनडाचे इंजिनीअर माहेर अरार दहा महिने तीन फूट रुंद कोठडीत होते. २००२ मध्ये अमेरिकेनेच त्यांना परस्पर पाठवलं होतं. पुढे कॅनडाच्या चौकशी आयोगाने त्यांना निर्दोष ठरवलं. त्याच अमेरिकेने जानेवारी २००६ मध्ये शौकत यांच्यावर निर्बंध लादले, ते लेबनॉनमधल्या कारवायांवरून. कोठड्यांचा हिशेब कुणी मागितला?

शौकत गेले, कोठड्या चालूच राहिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये असाद राजवट कोसळली, तेव्हा 'पॅलेस्टाइन ब्रँच'ची दारं उघडली. आपल्या बेपत्ता माणसाचं नाव सापडेल म्हणून लोक तिथल्या विखुरलेल्या फाइली चाळत होते.