जुनी गाडी, नवी गाडी

मुलांनो, वर्गात मोटारगाड्यांचा विषय निघाला की तुमच्यापैकी कितीतरी जणांचे डोळे चमकतात. मराठीच्या वाक्यात कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलायचे राहून जाईल, पण कोणती गाडी ताशी किती किलोमीटर धावते हे सांगताना तुमची चूक होणार नाही. यात नवल नाही. आपले पनवेल आहेच मुळी रस्त्यांचे गाव. मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना महामार्ग इथूनच जातो आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आपल्या कळंबोलीपासूनच सुरू होतो. सुटीच्या दिवशी सकाळी तिथे उभे राहिले, तर लोखंडाच्या सळ्या भरलेल्या ट्रकांमधून वाट काढत एखादी बुटकी, चपटी, लाल नाहीतर पिवळी स्पोर्ट्स कार गुरगुरत निघून जाते. ती दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज काही वेळ ऐकू येत राहतो.

अशा गाड्यांविषयी एक वाद नेहमी चालतो. जुन्या स्पोर्ट्स कार चांगल्या की नव्या? वडीलधारी मंडळी म्हणतात, जुन्या गाड्यांत जो डौल होता तो आता राहिला नाही. तरुण म्हणतात, डौल घेऊन काय करायचे, नव्या गाडीची ताकद पाहा. या वादात माझेही एक मत आहे. ते मांडण्यासाठी मी एकाच घराण्यातील दोन गाड्या घेतो, म्हणजे तुलना सरळ होईल.

जॅग्वार हे नाव तुम्ही ऐकले असेल. ही मूळची इंग्लंडची कंपनी. २००८ मध्ये आपल्या मुंबईच्या टाटा मोटर्सने ती विकत घेतली, म्हणून तिच्याविषयी थोड्या आपलेपणाने बोलायला हरकत नाही. या कंपनीने मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथील प्रदर्शनात ई-टाइप नावाची गाडी लोकांपुढे आणली. तिचा आकार माल्कम सेयर यांनी ठरवला होता. सेयर हे पूर्वी विमानांच्या कारखान्यात काम करीत. विमानाच्या अंगावरून हवा कशी सरकते याचे गणित त्यांना ठाऊक होते. तेच गणित त्यांनी मोटारीला लावले. तेव्हा संगणकावर चित्र काढण्याची सोय नव्हती. आकडेमोड हातानेच करावी लागे. त्यातून लांबलचक बॉनेट असलेली, मागे निमुळती होत जाणारी अशी गाडी तयार झाली की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये तिचा एक नमुना आपल्या संग्रहात घेतला. चित्रे आणि शिल्पे जिथे ठेवतात तिथे मोटारीला जागा मिळाली!

या ई-टाइपची वारसदार म्हणून २०१३ मध्ये एफ-टाइप बाजारात आली. तीही देखणी होती. तिचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले. दोघींची चित्रे शेजारी ठेवली तर एक फरक पटकन ध्यानात येतो. जुनी गाडी सडपातळ, तिचे नाक अणकुचीदार. नवी गाडी रुंद आणि भरदार, तिचे तोंड बोथट. जुन्या गाडीचे वजन सव्वा टनाच्या आसपास, नव्या गाडीचे त्याहून बरेच जास्त. पुष्कळ लोक म्हणतात की हल्लीच्या कलाकारांना सुंदर रेषा काढता येत नाही. हे मला पटत नाही. नव्या गाडीच्या अंगात जे दडलेले असते, त्यामुळे तिला सडपातळ राहता येत नाही. ते काय असते, हे पुढे पाहूच. पण केवळ रूपाचा प्रश्न असेल तर माझे मत जुन्या गाडीला. याबाबतीत मी म्हाताऱ्यांच्या बाजूचा आहे, असे खुशाल म्हणा.

आता ताकदीकडे वळू. इंजिनाची ताकद अश्वशक्तीत, म्हणजेच हॉर्सपॉवरमध्ये मोजतात. तुमच्या आजोबांनी मुंबईत ज्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून प्रवास केला, त्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे होते आणि ताकद सुमारे ४० घोड्यांची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी घाट चढताना तापायची. मग चालक ती बाजूला घेऊन इंजिन निवण्याची वाट पाहत बसायचा. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. या ४० घोड्यांपुढे १९६१ च्या ई-टाइपचे २६५ घोडे म्हणजे केवढे तरी मोठे! कंपनी सांगे की ती ताशी २४० किलोमीटर धावते. तिच्या एफ-टाइप या वारसदार गाडीच्या वरच्या प्रकारात ५५० च्या आसपास घोडे होते, म्हणजे दुपटीहून अधिक.

आपल्याकडेही स्पोर्ट्स कार बनवण्याची हौस काही लोकांनी केली. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची छोटी गाडी तयार होत असे. तिचे अंग फायबरचे आणि इंजिन ६० घोड्यांच्या आसपासचे. मुंबईचे मोटार-रचनाकार दिलीप छाब्रिया यांनी २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात अवंती ही गाडी मांडली. या दोन्ही गाड्या फारशा खपल्या नाहीत, पण हौसेला मोल नसते. पुढे मुंबईच्याच महिंद्र कंपनीने इटलीतील पिनिनफरिना हे मोटारींचे आकार घडवणारे जुने घराणे २०१५ मध्ये विकत घेतले. त्या नावाने निघालेली बातिस्ता ही विजेवर चालणारी गाडी २०१९ मध्ये लोकांसमोर आली. तिची ताकद ऐका: सुमारे १९०० घोडे! उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला तिला दोन सेकंदही लागत नाहीत. तुम्ही 'बिस्मिल्ला' म्हणेपर्यंत काम झालेले असते.

येथे मला तुम्हांला एक प्रश्न विचारायचा आहे. हे १९०० घोडे धावणार कुठे?

आपल्या द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि बोरघाटात ६० ची. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या अटल सेतूच्या सरळ भागावरही मर्यादा १०० चीच. ताशी १०० किलोमीटर वेग तर आज साधी, घरगुती गाडीही सहज गाठते. म्हणजे स्पोर्ट्स कारच्या मालकाने जे घोडे विकत घेतले, त्यांतील बहुतेक जन्मभर तबेल्यात बांधूनच ठेवायचे असतात. परदेशात आणि आपल्याकडेही शर्यतीसाठी वेगळे, बंदिस्त मार्ग आहेत. तिथे ते खुशाल सोडावेत. तो खेळ आहे आणि खेळाला माझा विरोध नाही. पण दोर तोडून ते रस्त्यावर येतात तेव्हा काय होते, याचे गणित तुम्हांला नववीच्या विज्ञानात शिकवलेलेच आहे.

वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतरही चौपट होते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर साधारण १४ मीटरमध्ये थांबते असे धरा. १०० च्या वेगाने तिला ५५ मीटर लागतील आणि २०० च्या वेगाने २२० मीटर. शिवाय समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातोच. २०० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी आणखी ५६ मीटर पुढे गेलेली असते. उत्तम टायर आणि उत्तम ब्रेक असले तर हे अंतर काहीसे कमी होईल, पण चौपटीचा नियम बदलणार नाही. तो १९६१ च्या गाडीला जसा लागू होता तसाच आजच्या गाडीला आहे. इंजिनाचे घोडे वाढले. माणसाचा तो एक सेकंद काही कमी झाला नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र जुन्या गाडीची बाजू घेण्याचे धाडस कोणी करू नये. जुन्या काळी टक्कर झाली की स्टिअरिंगचा दांडा थेट चालकाच्या छातीत घुसे. गाडीचा पत्रा जाड म्हणून ती भक्कम, असे लोक समजत आणि अजूनही समजतात. खरे म्हणजे गाडी जितकी ताठ, तितका धक्का आतल्या माणसाला जास्त. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करावा, म्हणजे धक्का तिथेच जिरेल आणि मधला पिंजरा शाबूत राहील, ही कल्पना बेला बारेनी या अभियंत्याने मर्सिडीज कंपनीत मांडली. १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी खांदा आणि कंबर दोन्ही धरून ठेवणारा सीट बेल्ट तयार केला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे व्होल्वोने तो इतर कंपन्यांनाही वापरू दिला. मला विचाराल तर मोटारीच्या इतिहासात एवढी सुंदर गोष्ट दुसरी नाही. ई-टाइपचे बॉनेटसुद्धा नाही. पुढे १९७८ पासून चाके जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक आले, मग एअरबॅग आल्या, घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा आली. नव्या गाडीचे वजन आणि तिचा भरदारपणा वाढला, त्यात या साऱ्याचा मोठा वाटा आहे.

पण यंत्रणा बसवलेली असणे वेगळे आणि ती वापरणे वेगळे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. गाडी नव्या काळातली, महागडी आणि सुरक्षिततेसाठी नावाजलेली होती. ते मागच्या आसनावर बसले होते आणि त्यांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, असे तुमच्या घरीही कोणी म्हणत असेल. त्यांना ही हकीगत जरूर सांगा.

आतापर्यंत मी जी सुरक्षितता सांगितली, ती सगळी गाडीच्या आत बसणाऱ्याची. या वादात नेहमी एक माणूस विसरला जातो, तो म्हणजे गाडीच्या बाहेरचा. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्श गाडीने मोटारसायकलला धडक दिली. मोटारसायकलवरचा तरुण आणि तरुणी, दोघेही जागीच गेले. दोघांचे वय २४ वर्षे, दोघेही अभियंते. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. पोर्शमध्ये आज ज्या ज्या सुरक्षा-सोयी असतात, त्यांतील एकही त्या दोघांच्या कामाची नव्हती.

या मुलाला बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला. जामिनाच्या अटींमध्ये एक अट होती, रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. देशभर त्यावर संताप उसळला. निबंध हा आम्हा शिक्षकांचा रोजचा व्यवहार आहे. ३०० शब्दांत काय मावते आणि काय मावत नाही, हे आम्हांला चांगले कळते. 'माझा आवडता ऋतू' मावतो. दोन घरांचे दुःख मावत नाही. अल्पवयीन मुलाला सुधारण्याची संधी मिळावी हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु त्या वयाच्या हातात एवढ्या ताकदीची किल्ली कशी येते, हा प्रश्न मी मुलाला विचारण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारीन. इथे पनवेलमध्येही १४-१५ वर्षांची मुले मोठ्या भावाची मोटारसायकल घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत येतात आणि घरच्यांना ते माहीत असते. पोर्श आणि ती मोटारसायकल यांच्या किमतीत फरक असेल, धिटाईत नाही.

म्हणून जुन्या-नव्याच्या या वादात मी ताकदीला सर्वांत कमी गुण देतो. उर्दूत आपण 'रफ्तार' म्हणतो. त्या शब्दात वेग आहे आणि चालही आहे. माणसाची चाल कशी आहे यावरून त्याचे घराणे ओळखतात, तशी गाडीचीही ओळखावी. नव्या गाडीतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट तिच्या इंजिनात नाही. २००६ मध्ये जॅग्वारने एक्सके ही स्पोर्ट्स कार आणली. तिच्या पुढच्या बंपरमध्ये अशी उपकरणे बसवली होती, की माणसाच्या पायाचा धक्का लागताच त्यांना तो ओळखू येई. पापणी लवायच्या आत बॉनेटची मागची बाजू काही सेंटिमीटर वर उचलली जाई. त्यामुळे पत्रा आणि खालचे इंजिन यांच्यात पोकळी तयार होई आणि त्या माणसाचे डोके इंजिनावर आपटण्याऐवजी पत्र्याच्या झोळीत पडे. गाडीचे तोंड बोथट का झाले, बॉनेट उंच का झाले, याचे एक कारण हेही आहे. युरोपात पायी चालणाऱ्यांच्या रक्षणाचे नियम आल्यावर बॉनेटखाली मोकळी जागा ठेवणे भाग पडले. ई-टाइपचे ते अणकुचीदार नाक आज कारखान्यातून बाहेर पडू शकणार नाही, आणि त्याचे मला दुःख नाही.

मात्र या उचलल्या जाणाऱ्या बॉनेटचीही एक मर्यादा आहे. अशी बॉनेट साधारणतः ताशी २५ ते ५० किलोमीटर, म्हणजे गावातल्या रस्त्यावरच्या वेगासाठी बनवलेली असतात. गाडी त्याहून फार वेगात असेल तर माणूस बॉनेटवर थांबत नाही. तो दूर फेकला जातो.