रिकाम्या खणाची वीज

ज्या खोलींत कोणीही बसलेलें नाहीं, तेथें रात्रभर दिवा जळत ठेवणाऱ्या गृहस्थास आपण उधळा म्हणतों. परंतु आपल्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं जे जुने लॅपटॉप आहेत, त्यांच्या कडेच्या एका खणांत असाच एक लहानसा दिवा जळत असतो, व यजमानास त्याची वार्ताही नसते. हा खण म्हणजे सीडी व डीव्हीडी या तबकड्या वाचणारें उपकरण होय. तें वापरांत नसतांना बंद करून ठेवावें कीं नाहीं, याविषयीं आमचें मत विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु गतवर्षीं एका विद्यार्थिनीचे वडील आम्हांकडे आले व म्हणाले, "सर, बॅटरी जेमतेम तासभर टिकते. दुकानदार म्हणतो, यंत्र जुनें झालें, नवें घ्या. परीक्षा तोंडावर आली आहे. पतपेढींतून कर्ज काढावें म्हणतों." त्यांच्या गांवीं संध्याकाळीं वीज जाते, व मुलीचा अभ्यास त्या बॅटरीवरच चालतो. जेथें कर्जाची गोष्ट आली, तेथें विषय क्षुल्लक राहत नाहीं.

आम्हीं यंत्र मागवून पाहिलें, तों खणांत धड्यांची एक तबकडी होती, व ती अभ्यासभर घरघर फिरत असे.

या उपकरणाची रचना ध्यानांत घेतली म्हणजे खर्चाचें कारण कळतें. सीडी १९८२ सालीं बाजारांत आली व डीव्हीडी १९९६ सालीं. दोहींचें तत्त्व एकच. तबकडीवरील सूक्ष्म खुणा लेसर किरणानें वाचावयाच्या. त्यासाठीं तबकडी वेगानें फिरवणारी एक मोटर व भिंग मागेंपुढें सरकवणारी दुसरी. हीं सारीं कामास लागलीं म्हणजे कित्येक वॅट वीज खर्च होते. तबकडी आंत विसरून राहिली, तर एखादी फाइल शोधतांनाही ती पुन्हा फिरूं लागते. खण रिकामा असला तरी पुष्कळ जुन्या यंत्रांत उपकरण जागेंच असतें, व "तबकडी आली काय?" असें संगणक त्यास वारंवार विचारीत राहतो. या जागरणाचा खर्च मात्र थोडा, सुमारें एक वॅट किंवा त्याहूनही कमी.

आतां हिशेब करूं. नवी असतांना ४८ वॅट-तास वीज सांठवणारी बॅटरी वापरानें निम्म्यावर आली, म्हणजे २४ वॅट-तास उरले, असें समजा. तबकडी फिरत असतां यंत्रास २० वॅट लागत असतील, तर बॅटरी ७२ मिनिटें पुरेल. तबकडी काढली व खर्च १६ वॅटवर आला, तर ९० मिनिटें. रिकामें उपकरण बंद करून आणखी अर्धा वॅट वांचविला, तर सुमारें ९३ मिनिटें. पडद्याचा उजेड कमी करून आणखी दोन वॅट वांचविले, तर सुमारें १०७ मिनिटें.

या आंकड्यांवरून आमचें मत स्पष्ट होतें. उपकरण बंद करावें. परंतु त्यापासून चमत्काराची अपेक्षा धरूं नये. मोठा लाभ तबकडी बाहेर काढण्यांत व पडदा मंद करण्यांत आहे. रिकामा खण बंद केल्यानें मिळतात तीं दोन-चार मिनिटें. यास्तव जे म्हणतात, "एवढ्यानें काय होणार?" त्यांचें म्हणणें अर्धें खरें आहे. पण दिवे गेल्यावर अर्धवट राहिलेलें गणित ज्यास पुरें करावयाचें आहे, त्यास तीं मिनिटें विचारावीं.

दुसरा पक्ष म्हणतो, मुलांनीं यंत्रास हात लावूं नये. हें आम्हांस मान्य नाहीं. विंडोज प्रणालींत 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून त्या उपकरणाच्या नांवापुढें 'डिसेबल' म्हणावें. पुन्हा हवें तेव्हां 'एनेबल' म्हणावें. यांत कांहीं मोडत नाहीं. मात्र दुकानाच्या दारावर 'बंद' अशी पाटी लावली म्हणून आंतील दिवा मालवतोच असें नाहीं. त्याप्रमाणें कांहीं यंत्रांत अशा आज्ञेनें उपकरणाची वीज खरोखर तुटत नाहीं. रिकाम्या उपकरणाची वीज आपोआप तोडण्याची सोय २०१२ सालच्या विंडोज ८ पासून पुढें आली. ती ज्या यंत्रांत आहे, तेथें ही खटपट व्यर्थ होय. म्हणून ऐकीव गोष्टीवर न विसंबतां घड्याळ लावून पाहावें.

त्या मुलीनें तसेंच केलें. धडे संगणकांत उतरवून घेतले, तबकडी काढली, उपकरण बंद केलें, पडदा मंद केला. व तीन संध्याकाळ भिंतीवरील घड्याळ पाहून वेळ टिपली. तासाहून किंचित अधिक टिकणारी बॅटरी दीड तासाच्या पुढें गेली. कर्ज काढावें लागलें नाहीं.

एक चूक आमचीही सांगितली पाहिजे. आम्हीं स्वतःच्या लॅपटॉपचें उपकरण बंद केलें व पुढें तें साफ विसरलों. कांहीं महिन्यांनीं जुन्या छायाचित्रांची तबकडी लावली, तों यंत्र ढिम्म. कारागिरानें नवें उपकरण बसविण्याचा खर्च सांगितला, व आम्ही पैसे मोजणार तोंच इयत्ता नववीच्या एका मुलानें विचारलें, "सर, आपणच बंद केलें नव्हतें ना?" तेव्हांपासून आमच्या लॅपटॉपच्या झांकणावर एक चिठ्ठी डकविलेली आहे. काय बंद केलें व कोणत्या दिवशीं, हें तीवर लिहिलेलें असतें.

पालकांस आमची विनंती एवढीच, कीं नव्या यंत्रासाठीं पैसा काढण्यापूर्वीं जुन्यास एक आठवडा द्यावा, व तें काम मुलांच्या हातीं द्यावें. आणि विद्यार्थ्यांनों, तुम्हीं खण उघडून पाहा, वेळ मोजा, चिठ्ठी लिहा. इतकें करूनही बॅटरी टिकली नाहीं, तर नवी मागण्यास तुमच्या हातीं आंकडे असतील, आणि त्या मागणीस नाहीं म्हणणें वडिलांस जड जाईल.