भंगारातलं तळं

परसात माशांचं तळं करायचं म्हटलं की पहिला प्रश्न खर्चाचा. खड्डा, सिमेंट, टाइल्स, फिल्टर, कारंजं, त्यात सोडायला कोई मासे... लँडस्केपिंगवाल्याचं कोटेशन बघितलं की माणूस गुपचूप तुळशीवृंदावनच रंगवायला घेतो. माझं मत जरा उलटं आहे. परसातलं तळं स्वस्तात करावं, भंगारातूनच करावं, आणि तेही पैसे असले तरी! हातात पैसा असला की माणूस पाण्याला झेपतील त्यापेक्षा जास्त मासे घालतो आणि मग ते जगवायला यंत्रं विकत घेतो. बजेट नसलं की मासे मोजकेच घालावे लागतात. माशांना नेमकं तेच हवं असतं.

पुण्यात आमच्या रो हाउसच्या मागे दहा बाय बाराची जागा आहे. तिथलं आमचं तळं म्हणजे वरच्या बाजूला तडा गेलेली हजार लिटरची काळी पाण्याची टाकी. भंगारवाल्याकडून 600 रुपयांना आणली आणि तळापासून दोन फुटांवर ग्राइंडरने आडवी कापून घेतली. व्यास साधारण तीन फूट, म्हणजे काठोकाठ भरली तर पावणेचारशे लिटर पाणी. दीड फूट जमिनीत पुरली, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पाणी कमी तापतं. कापलेली कड हाताला लागते, म्हणून बागेचा जुना पाइप लांबीत चिरून तिच्यावर बसवला. बाहेरून फुटक्या शहाबादी फरश्यांचे तुकडे लावले. झालं तळं.

(हेच गच्चीवर करायचा कुणाचा बेत असेल तर जरा थांबा. दोन फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला 600 किलो वजन. वावरायच्या गच्चीचा स्लॅब आपल्याकडच्या मानकानुसार साधारण 150 किलोचा भार धरून डिझाइन करतात. पाण्याच्या टाक्या गच्चीवर असतात हे खरं, पण त्या कुठे आणि कशावर ठेवायच्या याचा विचार आधी झालेला असतो.)

आता भंगारातलं काय घ्यायचं यापेक्षा काय घ्यायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. इंटरनेटवरचे व्हिडिओ नेमके इथेच गप्प बसतात. माळ्यावर आजोबांच्या काळातला तांब्याचा बंब किंवा घंगाळ असतं. ते घासूनपुसून त्यात कमळ आणि चार मासे सोडले की फोटो काय झकास येतो! पण तांबं पाण्यात उतरतं, आणि अगदी थोडं तांबंसुद्धा माशांना आणि गोगलगायींना विषारी असतं. जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पिंपाचंही तेच. घंगाळात फुलांच्या पाकळ्या ठेवा, मासे नकोत. रंगाचे, केमिकलचे डबे कितीही धुतले तरी नकोत. ट्रकचा टायर कापून केलेलं तळं सध्या फार लोकप्रिय आहे. टायरमधल्या एका रसायनापासून बनणाऱ्या द्रव्याने अमेरिकेत कोहो सामन मासे मरतात असं 2020 साली संशोधकांनी दाखवून दिलं. मला टायर टाळायला तेवढं कारण पुरेसं आहे. सिमेंटचा जुना हौद चालेल. नवा असेल तर त्यातला चुना पाण्यात उतरतो आणि पाणी अल्कली होतं, म्हणून दोन-तीन आठवडे पाणी भरून, बदलून तो मुरू द्यावा. शेततळ्याच्या प्लास्टिक कागदाचा उरलेला तुकडा कुणा शेतकरी नातेवाइकाकडे मिळाला तर उत्तमच, मग नुसता खड्डाही पुरतो. थोडक्यात, जुगाड भांड्यात करा, पाण्यात नको.

पाण्याचं गणित तसं सोपं आहे. माशाला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः पृष्ठभागातून पाण्यात उतरतो. त्यामुळे खोल आणि अरुंद पिंपापेक्षा उथळ, पसरट टब बरा. शिवाय पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. 20 अंशाला लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशाला साडेसात. आणि वनस्पती रात्री ऑक्सिजन देत नाहीत, उलट वापरतात. म्हणून जिथे मासे जास्त झालेत तिथे ते पहाटे वर येऊन तोंडं उघडतात. घरातले म्हणतात, "बघ, भूक लागली त्यांना!" आणि वरून आणखी खाणं टाकतात. ते खाणं कुजतं, त्यातही ऑक्सिजनच खर्च होतो.

यावर बाजारातलं उत्तर म्हणजे पंप. पंप वाईट नाही, पण ज्या तळ्यातले मासे पंपावर जगतात ते तळं एका प्लगवर लटकलेलं असतं. वळवाच्या पावसात संध्याकाळी वीज गेली आणि पहाटेपर्यंत आली नाही की संपलं. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि त्यासाठी रात्री-अपरात्री फोन येतात. माशांना फोन करता येत नाही. त्यातून ओल्या हाताने हाताळायची विजेची जुनी वस्तू, म्हणजे कूलरचा काढून ठेवलेला पंप वगैरे, हे तर भंगारातून अजिबात घेऊ नये. आमच्याकडे पंप नाहीच. पावणेचारशे लिटरमध्ये आठ छोटे मासे, कुंडीत लावलेली कुमुदिनी, कडेला वेखंड आणि तळाशी हायड्रिला. दुपारी आंब्याची सावली येते. वीज गेली तर आम्हाला त्रास होतो, त्यांना नाही.

पैशाने विकत न मिळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वेळ. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून अमोनिया बाहेर पडतो आणि तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी, वनस्पती खाऊन टाकतात. हे जिवाणू टाकीच्या भिंतींवर, विटांवर, मुळांवर वसतात, आणि वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी भरून, झाडं लावून, माशांच्या खाण्याची चिमूट टाकत नुसतं बघत बसायचं. कुणाच्या चालू टाकीतली एखादी वीट मिळाली तर काम लवकर होतं. पण लोक शनिवारी टाकी आणतात, नळाचं क्लोरीनवालं पाणी भरतात आणि रविवारी मासे सोडतात. पुढच्या शनिवारी निम्मे मेलेले. मग काय, "वीस रुपयांचा तर मासा", नवे आणा! मला चीड येते ती या वाक्याची. टाकीवर वाचवलेले पैसे माशांच्या जिवातून वसूल करायचे असतील तर त्यापेक्षा कुंडीत मोगरा लावा.

कोणते मासे? कोई नकोत. तो दीड-दोन फूट वाढणारा प्राणी आहे, त्याला काही हजार लिटर पाणी लागतं. आमच्याकडे गप्पी आहेत, आणि फक्त नर. रंगीत तेच असतात, आणि आठाचे आठच राहतात. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते आणि एकदा नराशी संबंध आला की पुढे कित्येक महिने तो पुरतो. एक मादी आणली की वर्षभरात कमी माशांचं सगळं तत्त्वज्ञान बुडालं. आणि कंटाळा आला म्हणून मासे नाल्यात, विहिरीत कधीच सोडू नयेत. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले. इथल्या देशी माशांच्या खाण्यात ते वाटेकरी होतात, त्यांची पिल्लंही खातात. म्हणूनच टाकीच्या ओव्हरफ्लोच्या भोकावर मी जुन्या पीठचाळणीची जाळी बसवली आहे. जलपर्णी तर फुकट मिळाली तरी घेऊ नये, मुळा-मुठेत तिने काय केलंय ते पुणेकरांना सांगायला नको.

शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अरे, डास नाही का होणार?" प्रश्न रास्त आहे. डेंग्यूच्या डासाला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण मासे असलेल्या पाण्यात अळ्या टिकत नाहीत. खरा धोका तळ्याच्या आजूबाजूला असतो. उद्या वापरू म्हणून ठेवलेला टायर, उताणी फरशी, कुंडीखालची बशी! भंगारातून काही बनवणाऱ्याने उरलेलं भंगार त्याच दिवशी परत भंगारवाल्याला द्यावं. आमच्या टाकीचा वरचा अर्धा भाग पालापाचोळ्याच्या खताला लावला, पाणी साठणार नाही असा उपडा.

सगळा खर्च 1,700 रुपये झाला. त्यात टाकी, कापणावळ, कुमुदिनी आणि मासे आले. जुलैत बेडूक न बोलावता आले, बुलबुल रोज पाणी प्यायला येतात, चतुर येऊन अंडी घालून जातात. त्यांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात हा वरचा बोनस.

आता सोसायटीतून नवी विचारणा आली आहे, गणपतीत शाडूच्या मूर्तींचं विसर्जन "तुमच्या तळ्यातच" करू का म्हणून. नाही म्हणून सांगितलं. शाडूची माती पाण्यात तरंगत राहते आणि माशांच्या कल्ल्यांत जाते, वर रंग आहेतच. वीस लिटरची बादली देतो म्हटलं, आणि नंतर ती माती ज्याची त्याने आपल्या कुंडीत घालावी.