‘यूपीआय’सारखे मेसेजिंग : अर्धाच प्रश्न सुटणार

सिल्वासाला लागून, दमणगंगेच्या काठी वसलेल्या अथालमधील कारखान्यांत परराज्यांतून आलेले कामगार राबतात. कामगाराकडे जिओचे सिम आणि गावाकडच्या घरी बीएसएनएलचे असले, तरी फोन लागतो. मात्र एकाकडे व्हॉट्सअॅप आणि दुसऱ्याकडे केवळ अरट्टई असेल, तर ‘पोहोचलो’ एवढा संदेशही जात नाही. दूरसंचार कंपन्यांना परस्परांची जाळी जोडावी लागतात. संदेश-अॅपवर भारतात तसे बंधन नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘झोहो’च्या अरट्टईकडे वापरकर्त्यांचा ओघ लागला. त्या सुमारास कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी संदेशसेवा यूपीआय व ई-मेलप्रमाणे एकमेकींशी जोडलेल्या असाव्यात, अशी भूमिका मांडली. ती स्वागतार्ह आहे. पण कंपन्यांच्या सदिच्छेवर विसंबता येत नाही. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘जॅबर’मधून एक्सएमपीपी हा खुला प्रोटोकॉल घडला. ‘गूगल टॉक’ने तो स्वीकारला आणि २०१३ मध्ये ‘हँगआउट्स’ आणताना गूगलने त्याकडे पाठ फिरवली. म्हणूनच युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स कायद्याद्वारे इतर अॅपसाठी दार उघडण्याची सक्ती व्हॉट्सअॅपवर केली.

यूपीआयच्या उपमेत आणखी एक मेख आहे. यूपीआयमध्ये कोणत्याही अॅपवरून कोणालाही पैसे जातात; परंतु व्यवहार एनपीसीआयच्या मध्यवर्ती यंत्रणेतूनच होतात. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये ही सेवा अनेकदा खोळंबली, तेव्हा साऱ्याच अॅपचे वापरकर्ते अडकले. खुलेपणा आणि मध्यस्थाविना चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या प्रकाराला पीअर-टू-पीअर म्हणतात. ‘ब्रायर’ हे त्याचे ठळक उदाहरण. इंटरनेट असेल तर ते ‘टॉर’ जाळ्यातून आणि नसेल तर ब्लूटूथ वा वाय-फायवरून एका फोनवरचा संदेश थेट दुसऱ्यावर पोहोचवते. त्याला मोबाइल क्रमांक लागत नाही. मे २०२३ मध्ये केंद्राने बंदी घातलेल्या १४ अॅपमध्ये ब्रायरही होते. जम्मू-काश्मीरमधील दहशतवादी त्यांचा वापर करतात, असे कारण पुढे आले.

सरकारची चिंता पोकळ नाही. मधे कंपनीच नसेल, तर तपास यंत्रणा नोटीस बजावणार कोणाला? संदेश-अॅप चालू सिमशी सतत जोडलेले ठेवण्याचा दूरसंचार विभागाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेशही याच चिंतेतून आला. परंतु आयटी कायद्याच्या कलम ६९अ खालील बंदीची कार्यवाही नियमांनुसार गोपनीय राहते. त्यामुळे बंदी तंत्रावर आहे की त्याच्या गैरवापरावर, हे असा प्रोटोकॉल घडवू पाहणाऱ्या भारतीय अभियंत्याला कळत नाही.

पावसाळ्यात मधुबन धरणातून पाणी सोडले की दमणगंगेच्या काठाला सावध व्हावे लागते. अशा वेळी वीज आणि मोबाइल टॉवर बंद पडले, तर अरट्टई व्हॉट्सअॅपशी जोडलेले असूनही उपयोग नाही. ब्लूटूथचा पल्लाही काही मीटरांचाच. तरी वस्तीत फोनागणिक पुढे सरकणारा संदेश शेजाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो.

म्हणून केंद्राने दोन प्रश्न स्वतंत्रपणे हाताळावेत. मोठ्या अॅपना परस्परांशी जोडण्याचे बंधन कायद्याने घालावे आणि मध्यस्थाविना चालणाऱ्या तंत्राला, निदान आपत्तीकाळासाठी, स्पष्ट नियमांची चौकट द्यावी. पहिले केले आणि दुसरे टाळले, तर अथालच्या कामगाराचा संदेश एरवी गावी पोहोचेल. पुराच्या रात्री मात्र पलीकडच्या चाळीतही जाणार नाही.